चोळी-बांगडीचं शेत

मालूच्या वर्षश्राद्धाला तिचे वडील चुडामण पाटील असीरगढच्या पायथ्याहून गाडी जुंपून आले होते, आणि लेकीच्या सासरच्या पंगतीत मान खाली घालून जेवत होते. लेकीची आतेसासू सोजरबाई तूप वाढायला त्यांच्या पानाशी वाकली, तेव्हा त्यांनी खरकटा हात मागं घेतला, डावा हात कपाळाला लावला आणि म्हणाले,

"सोजरबाई, लई उपकार केले तुमी. माझी पोर तर वाटेतच गेली. पन आता दुसऱ्याची नई जानार. देवराम पाटलांनी सांगतलं, तुमी तुमचं सडकेवरचं शेत दवाखान्याले दिलं म्हनून."

पंगतीच्या त्या टोकाला बसलेल्या देवराम पाटलांचा घास हातातच राहिला. सोजरबाईनं भावाकडं पाहिलं नाही.

"जेवा, व्याही. मांडा गार व्हते," एवढंच ती म्हणाली आणि पुढच्या पानावर गेली. पुढचं पान सुधाकरचं, देवरामच्या थोरल्या मुलाचं होतं. त्याला तूप नको होतं. तिनं वाढलं, आणि आत्याचा चेहरा बघून त्यानंही नको म्हटलं नाही.

वाढणं झाल्यावर ती आत आली. गोदाबाई, तिची भावजय, खापरावर शेवटचा मांडा टाकत होती.

"मी शेत दिलं म्हने, वहिनी," सोजरबाई म्हणाली.

"मले बी आताच समजलं. ह्या घरात बायकाईले पंगत बसल्यावरच समजते सगळं." गोदाबाईनं मांडा उचलून घडी घातली. "पन बरं झालं म्हना. पुन्याचं काम हाय. अन् तुमाले इथं काय कमी हाय? दोन वेळचं याच चुलीवरचं तर खाता."

बोलणं साधंच होतं. गोदाबाई ते वर्षानुवर्षं बोलत आली होती, आणि सोजरबाई ऐकत आली होती. पण आज पहिल्यांदा ते तिच्या काळजात रुतलं. आजवर असं कुणी बोललं की तिच्या मनात चटकन सडकेवरचं शेत उभं राही, आणि बोललेलं अंगाला लागत नसे.

कोवळ्या वयात कुंकू पुसून ती दापोऱ्याला माहेरी परत आली, तेव्हा कौतिक पाटील, तिचा बाप, हयात होता. त्यानं पंचांसमक्ष सांगितलं, सडकेवरचं शेत सोजरच्या चोळी-बांगडीला. पिकेल ते तिचं, तिनं कुणापुढं हात पसरायचा नाही. कागद कुणी केला नाही. मुलीला दिलेल्या शेताचा कागद करायची रीतच नव्हती. खातं बापाच्या नावावर राहिलं आणि बापामागं भावाच्या. तरी सबंध गाव त्याला सोजरबाईचं शेतच म्हणे. त्यातल्या कापसावर तिनं स्वतःची लुगडी घेतली, भाचरांच्या लग्नांत आहेर केले, आणि गेल्या वर्षी बाळंतपणात गेलेल्या मालूच्या पोरीला पाळणाही आपल्याच कापसाच्या पैशांतून केला. ती पोर आता चालायला लागली होती आणि सोजरबाईलाच माय म्हणत होती.

हे सगळं ठाऊक असूनही देवराम पाटलांनी घोळ केला तो दसऱ्याला. शिवेवर सगळा गाव सोनं लुटायला जमला होता. सरकारी विकास ब्लॉकाचे साहेब मुद्दाम आले होते. ते म्हणाले, दापोऱ्याला दवाखाना मंजूर आहे. डॉक्टर सरकार देईल, नर्स आणि औषधं सरकार देईल. गावानं सडकेलगत जागा द्यायची आणि इमारतीचा तिसरा हिस्सा वर्गणीनं, अंगमेहनतीनं उभा करायचा. ऐकून जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघू लागला. तेव्हा देवराम पाटील पुढं झाले, साहेबांच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाले, जागा आमची, सडकेवरचं शेत दिलं. लोकांनी जयजयकार केला. आमच्याकडं सोनं हातावर ठेवून दिलेला शब्द कुणी परत घेत नाही. वैऱ्याला दिला तरी नाही. दोन दिवस पाटलांची छाती फुगलेली होती. मग आपण बहिणीचं शेत देऊन बसलो हे एकदम लक्षात आलं, आणि तेव्हापासून ते तिच्या समोर यायचं टाळत होते.

*

चुडामण पाटलांची गाडी वेशीबाहेर गेली आणि ओट्यावर वाद सुरू झाला. शोभा, सुधाकरची बायको, दाराच्या आत सुपारी कातरत बसली होती. नवरा बुऱ्हाणपुरात मास्तर, त्यामुळं तिचं सासरी येणं सणावारी नि श्राद्धपक्षाला. बाहेरचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता.

"बाबा, माझा सवाल सीधा आहे," सुधाकर म्हणत होता. "आपण सारा भरतो. कापूस मंडीत नेला की तिथं कर, गाडी शहरात घातली की नाक्यावर जकात. मग दवाखाना द्यायची वेळ आली की सरकार आपल्यापुढंच झोळी का पसरतं?"

"सरकार कोन आता? आपनच ना? इंग्रज गेला तवा तूच तर चावडीवर भाषन ठोकलं व्हतं."

"म्हणूनच म्हणतो. नेपानगरला कागद मिलच्या कामगाराला दवाखाना आहे, त्याच्याजवळ कुणी शेत मागितलं नाही. मग शेतकऱ्यानंच काय घोडं मारलंय?"

"आमच्या बापाच्या वख्ताले वैद्याले पायलीभर दाने देत व्हतो, सुइनीले लुगडं देत व्हतो," देवराम पाटील म्हणाले. "सगळं गाव आपलं आपन निभवत व्हतं. सरकारच्या तोंडाकडं कोनी पाहत नव्हतं."

"आणि मालूला ते पुरलं?"

सुधाकरच्या तोंडून गेलं खरं, पण गेल्यावर त्यालाही ते सहन झालं नसावं. शोभाच्या हातातला अडकित्ता थांबला. अनंता, मालूचा नवरा, इतका वेळ जोत्यावर गुडघ्यांत मान घालून बसला होता. तो उठला.

"बस करा आता. कोनाचं काम अन् कोनाचा पैसा! भाऊ, मालू गाडीत सारखी इचारत व्हती, किती रायलं, किती रायलं. मी म्हने, आलं, आलं. बुऱ्हानपूरचे दिवे दिसत व्हते अन् तिचं रक्त थांबत नव्हतं. तवा तिले सांगाचं व्हतं का मी, का बाई, हे सरकारचं काम हाय, सरकार पाहीन म्हनून?"

शोभाला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. मालू तिची धाकटी जाऊ. दोघींनी दोन दिवाळ्या एकत्र काढल्या होत्या, तेवढंच. पण हसायची फार.

"माझ्या वाटनीचं द्या," अनंता म्हणाला. "आत्याचं नका देऊ. माझं द्या."

"तुझं नाल्यापलीकडं हाय. साहेबाले सडकेलगत पायजे." देवराम पाटलांचा आवाज खाली आला होता. "अन् एक तारखेपासून राज्य बदलते, नागपूर जाते मुंबई राज्यात, आपन जातो भोपाळात. नागपूरच्या साहेबानं मंजूर केलेला दवाखाना भोपाळचा साहेब कायले ओळखीन? जागा मोजून कागद गेला तर गेला, नई तर बसा मंग. उद्या सकाळी जमीन मोजाले पटवारी येते."

सुधाकर थोडा नरमला, पण मास्तरच तो, मुद्दा सोडीना. "बरं, जागेचं राहू द्या. वर्गणी कशी काढणार? घरटी सारखी?"

"घरटी सारखी. म्हंजे भांडन नई."

"ज्याच्या दारात चार बैलजोड्या आणि ज्याच्या दारात कोंबडी नाही, दोघांनी सारखंच द्यायचं? बाबा, हा न्याय नाही. ज्याच्याजवळ जास्त, त्यानं जास्त दिलं पाहिजे."

"शाब्बास! म्हंजे मी."

"हो. मतलब, तुम्हीच."

शोभानं पदर डोक्यावरून पुढं ओढला. सासऱ्यापुढं आजवर ती मोठ्यानं बोलली नव्हती. पण उंबऱ्याच्या आतूनच म्हणाली,

"मग ह्या घरात आत्याबाईंजवळ सगळ्यांत जास्त आहे का?"

सुधाकरनं मान वळवून बायकोकडं पाहिलं. तासभर तो न्याय न्याय करत होता, आणि हे त्याच्या ध्यानीमनी आलं नव्हतं.

"तसं नई, सूनबाई," देवराम पाटील जरा वेळानं म्हणाले. "त्या रात्री गाडीत मालूचं डोकं सोजरच्याच मांडीवर व्हतं. तिले तर ह्या दवाखान्याची सगळ्यात जास्त आस. इचारलं असतं तरी ती हावच म्हनली असती."

"म्हणून विचारायचं नाही?"

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं म्हणतात ते हेच, शोभाच्या मनात आलं. वाईट एवढंच, की ठेवणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. पाप असतं तर भांडता तरी आलं असतं. तिनं कातरलेली सुपारी डब्यात भरली आणि सोजरबाई कुठं दिसते का म्हणून मागच्या दारी गेली. तिथं कुणी नव्हतं. पाळणाही रिकामा होता.

*

सोजर कुठं असेल हे देवराम पाटलांना शोधावं लागलं नाही. ऊन उतरलं तसे ते एकटेच सडकेनं निघाले. ती शेताच्या बांधावर बसली होती. श्राद्धाचा दिवस, म्हणून कापसाला हात लावला नव्हता. मालूची पोर बोंडातला कापूस ओढून तोंडात घालत होती, आणि सोजर तिच्या तोंडात बोट घालून तो बाहेर काढत होती.

पाटील बांधाच्या दुसऱ्या अंगाला टेकले. लहानपणी भांडण झालं की दोघं असंच मधे जागा ठेवून बसत.

"रागावली?"

"कोनावर रागावू? खातं तुझं, शेत तुझं."

"असं नको बोलू, सोजर. मले वाटलं, तूच पयले हाव म्हनशील."

"म्हनलीच असती."

"मंग?"

सोजरबाईनं पोरीला मांडीवर घेतलं. "दादा, ह्या घरात मी आजपर्यंत कोनाले काय दिलं सांग. शेजारची आली वाटीभर पीठ मागाले, तर मी वहिनीले इचारून देते. भिकाऱ्याले भाकर वहिनीले इचारून. आहेर दिले, लुगडी दिली, तेवढी ह्या शेतातून. देन्यासारखं माझ्यापाशी हे एकच व्हतं. ज्या रात्री मालू गेली ना, त्याच रात्री माझ्या मनात आलं व्हतं, इथं काई तरी व्हाले पायजे. मी दिलं असतं, दादा. पन तू मले देऊ बी नई दिलं."

पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. गावात कुणाच्या भांडणात काय बोलावं हे त्यांना कधी शोधावं लागलं नव्हतं, पण इथं त्यांची जीभ चालेना. त्यांना लाज वाटली. बहिणीची वाटली, आणि वर कुठून बाप पाहत असेल तर त्याचीही वाटली.

"अन् दुसरं सांगते," ती म्हणाली. "उद्या माझे हातपाय थकतीन. लुगड्यासाठी वहिनीच्या तोंडाकडं पाहू? अनंता दुसरी करीन. कराले पायजे, जवान हाय तो. नवी आली का ही पोर कोनाची? म्या हे शेत हिच्यासाठी ठेवलं व्हतं. बापानं मले दिलं तसं मी हिले देनार व्हती."

"शब्द माघारी घेऊ?"

"दसऱ्याचा?"

पाटील तो माघारी घेणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं. दवाखाना बुडावा असं सोजरच्याही मनात नव्हतं, तीच तर तिची अडचण होती. नाही म्हटलं तर मालूशी बेइमानी, हो म्हटलं तर म्हातारपणी परक्याची भाकरी. सूर्य खाली गेला तसं तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि ती घराकडं चालू लागली. पाटील मागं मागं येत राहिले.

*

सकाळी सुकलाल पटवारी मोजणीची साखळी घेऊन आला तेव्हा सडकेवर अर्धा गाव जमला होता. ब्लॉकाचे साहेब जीपमधून उतरले. बायका पलीकडं बाभळीच्या सावलीत उभ्या होत्या. गोदाबाई आणि शोभा त्यांत होत्या, आणि जरा बाजूला पोरीला घेऊन सोजरबाई. साखळीचं एक टोक अनंताच्या हाती दिलं होतं. त्याला आत्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. आपली बायको मेली आणि त्याची किंमत आत्यानं मोजायची, हे त्याला रात्रभर सलत होतं.

पटवाऱ्यानं कागदांचा बस्ता सोडला. "तो पटेल साहब, खाता आपके नाम है। दान आपकी तरफ से लिख दूँ?"

"नको लिहू," देवराम पाटील म्हणाले.

साहेबांनी चमकून पाहिलं. लोकांत कुजबुज झाली.

"खातं माझं हाय, शेत माझं नई. हे माझ्या बहिनीचं चोळी-बांगडीचं शेत हाय. बापानं दिलेलं. दसऱ्याले म्या तिले न इचारता देऊन टाकलं. गलती झाली." पाटलांचा आवाज चढला, चारचौघांत कमीपणा घ्यायची त्यांना सवय नव्हती. "आता इचारतो. सोजर, तुले द्यायचं असन तर दे. अन् दिलं तर त्याच्या बदल्यात विहिरीवरचा केळीचा तुकडा तुले दिला. हे सगळ्यांसमक्ष सांगतो!"

"वा, पाटील!" कुणीतरी ओरडलं. पुन्हा जयजयकार होणार असं दिसलं. सुधाकर काहीतरी बोलायला पुढं झाला. विहिरीवरचं म्हणजे पुढं दोघा भावांत वाटलं जाणारं उत्तम शेत होतं. पण काल आपणच काय बोललो ते आठवून तो जागीच थांबला. अनंताला तर बरंच वाटलं.

"थांब, दादा," सोजरबाई म्हणाली. ती बायकांतून पुढं आली होती. "हे वहिनीले इचारलं का?"

देवराम पाटील तिच्याकडं बघतच राहिले.

"केळीचं शेत वहिनीनं उभं केलं. तू चावडीवर व्हता तवा ती पोरं पाठीशी बांधून पानी भरत व्हती. ते तू आता देऊन टाकलं. तिले इचारलं?"

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी खाली बघितलं. अनंतानं बापाचा चेहरा असा कधीच पाहिला नव्हता. रागानं लाल झालेला त्यानं पुष्कळदा पाहिला होता. हा रिकामा होता. एकाच चुकीतून एक पाय काढावा आणि त्याच चुकीत दुसरा घालावा, आणि तोही जाहीर माफी मागता मागता, हे देवराम पाटलांनाच जमायचं.

ते बायकोकडं वळले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गोदाबाईला कशाबद्दल विचारायचं म्हणजे कुठल्या शब्दांत, हेच त्यांना सुचेना.

"काय गं," ते शेवटी म्हणाले, "देऊ का?"

गोदाबाई गोंधळून गेली. इतक्या माणसांचे डोळे तिच्यावर लागलेले. तिनं पदर दातांत धरला. "मले काय इचारता? तुमी म्हनाल ते."

"तसं नई, वहिनी," सोजरबाई म्हणाली. "हाव म्हन, नई तर नई म्हन. मनातलं म्हन."

गोदाबाईनं नणंदेकडं पाहिलं. रात्री तिला झोप लागली नव्हती असं पुढं शोभा सांगायची. चुलीवरच्या जेवणाचं आपण बोललो ते तिला खात होतं म्हणे. खरं-खोटं गोदाबाईलाच ठाऊक. तिनं पदर सोडला.

"नई," ती म्हणाली.

जयजयकारासाठी उचललेले हात खाली आले.

"विहिरीचं नई देनार. त्या केळीवर ह्या घराचं तेल-मीठ चालते, ते मले मालूम, तुमाले नई." तिनं घराच्या दिशेनं हात केला. "खळ्यामागचं द्या. काळी हाय, कापूस चांगला येते, अन् घराजवळ हाय. सोजरबाईले आता एवढं लांब चालनं व्हत नई. अन् तोंडी नको. पटवारी आलाच हाय तर सोजरबाईचं नाव लिहून घ्या. उद्या तुमी नसान, मी नसन. तवा मागचे काय म्हनतीन ते कोनी सांगावं?"

सोजरबाईचे डोळे भरून आले. तीस वर्षांत भावजयीच्या तोंडून इतकं तिच्या बाजूचं तिनं ऐकलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे ते नाही म्हणता म्हणता आलं होतं. मग मात्र ती सगळ्यांदेखत हसली. मालू गेल्यापासून आत्या हसलेली अनंतानं पाहिली नव्हती. त्याच्या हातातून साखळीचं टोक सुटलं.

"खळ्यामागचं," देवराम पाटील खालच्या आवाजात म्हणाले. "सुधाकर, अनंता, तुमचं काय?"

"लिहा, बाबा," सुधाकर म्हणाला. अनंतानं नुसती मान डोलावली.

पटवाऱ्यानं कानावरचा टाक काढला. "अच्छा, वो बाद में। पहले ये सड़कवाला बताइए। दान लिखूँ कि नहीं?"

आता सगळे सोजरबाईकडं बघत होते. तिनं घाई केली नाही. पोरीला शोभाच्या हातात दिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शेतात दोन पावलं आत गेली. कापूस गुडघ्यापर्यंत पांढरा झाला होता. साहेबांनी घड्याळ बघितलं. देवराम पाटलांनी हातानंच त्यांना थांबवलं.

"वेचनी झाल्याबिगर खड्डे खनायचे नई," सोजरबाई साहेबांना म्हणाली. "उभं पीक तुडवाचं नई."

"नहीं तुड़वाएँगे, बाई।"

"अन् दवाखान्यात रात्री-बेरात्री कोनी आलं, तर दार उघडाले माणूस पायजे."

साहेबांनी खिशातली वही काढून ते टिपलं. मग म्हणाले, "लिखवा दूँगा। वचन देता हूँ।"

तिनं पटवाऱ्याकडं पाहिलं, आणि मग भावाकडं.

"लिही," ती म्हणाली. "मी देते."